बिनतारीच्या तारा

छोट्या विमानात रेडिओ बसवायचा म्हणजे एक डबा, एक अँटेना आणि दोन तारा, असं मला महूला पोस्टिंग होईपर्यंत वाटत होतं. मी कोअर ऑफ सिग्नल्सचा अधिकारी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना हसायचं आहे त्यांनी इथेच हसून घ्यावं.

महू म्हणजे आताचं डॉ. आंबेडकर नगर. बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून मराठी माणसाला ते परकं नाही. आम्हा सिग्नल्सवाल्यांसाठी तर ती काशीच, कारण आमचं दूरसंचाराचं महाविद्यालय तिथेच आहे. मी तेव्हा मेजर होतो. छावणीबाहेर थोड्या अंतरावर एका कच्च्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये एक निवृत्त कर्नल साहेब स्वतःच्या हातांनी विमान जोडत होते. दोन आसनी, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे रोटॅक्स इंजिन. सुटे भाग खोक्यांतून आलेले. परवानग्यांच्या कागदांची फाईल विमानापेक्षा जड, असं ते स्वतःच म्हणायचे.

कर्नल साहेब मूळचे तोफखान्याचे, एअर ओपीचे वैमानिक. १९७१ साली ते ‘कृषक’ विमान उडवत होते. मेसमध्ये एका रात्री त्यांनी मला विचारलं, ‘तू सिग्नल्सचा. माझ्या विमानाला रेडिओ निवडून दे आणि बसवून दे. जमेल?’ भरल्या मेसमध्ये या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा अधिकारी खडकवासल्याहून अजून बाहेर पडलेला नाही.

त्या कामाने मला इतिहास वाचायला लावलं. तो आधी सांगतो, कारण पुढे जे घडलं ते त्याशिवाय नीट कळणार नाही.

विमानातून पहिला बिनतारी संदेश गेला २७ ऑगस्ट १९१० रोजी. न्यूयॉर्कजवळच्या शीप्सहेड बे इथे जेम्स मॅकर्डी या कॅनडाच्या वैमानिकाने कर्टिस विमानातून मोर्सची कळ दाबली आणि खाली तो संदेश ऐकू आला. आमची कोअर जन्मली १५ फेब्रुवारी १९११ ला. म्हणजे विमानातला रेडिओ आमच्यापेक्षा साधारण सहा महिन्यांनी मोठा.

चारच वर्षांत महायुद्ध पेटलं आणि हे खेळणं हत्यार झालं. ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरची विमानं शत्रूच्या तोफांवर घिरट्या घालत आणि आपला गोळा कुठे पडला हे मोर्समध्ये कळवत. त्यासाठी घड्याळाची युक्ती होती. लक्ष्य म्हणजे तबकडीचा मध्य, उत्तर म्हणजे बारा, आणि भोवतीच्या प्रत्येक वर्तुळाला एक अक्षर. ‘बी ३’ म्हणजे लक्ष्यापासून १०० यार्डांच्या वर्तुळावर, तीनच्या दिशेला, अर्थात पूर्वेला. दोन खुणांत सगळं काम.

पण हे बोलणं एकतर्फी होतं. विमानात ठिणगीवर चालणारा छोटा प्रेषक असे आणि शेपटीमागे सुमारे १२० फूट तांब्याची तार लोंबत असे, टोकाला शिशाचं वजन. उतरण्याआधी किंवा शत्रूचं विमान दिसताच ती गुंडाळून घ्यायची. ऐकायचं यंत्र मात्र बहुधा नसेच. एक तर वजन, आणि दुसरं म्हणजे इंजिनाचा गोंगाट. मग तोफखान्याने वैमानिकाला उत्तर द्यायचं कसं? जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या अंथरून. विसाव्या शतकातलं सर्वात आधुनिक युद्ध, वर जाणारा निरोप बिनतारी, आणि परतीचा निरोप धोबीघाटातला.

आपल्याकडेही हेच चाललं. भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीत चार वापिती विमानांवर उभी राहिली आणि पुढे वायव्य सरहद्दीवर गेली. डोंगरात अडकलेल्या पायदळाच्या तुकड्या वर फिरणाऱ्या विमानाशी बोलत त्या पॉपहॅम पॅनलने. ही एक मोठी कापडी घडी. तिच्यावरचे पट्टे उघडमीट केले की ठरलेल्या खुणा तयार होत. निरोप लांबलचक असेल तर दोन काठ्यांमध्ये दोरी ताणून त्यावर चिठ्ठीची पिशवी लटकवायची. विमान खाली येऊन आकड्याने ती उचलून न्यायचं.

त्या काळातली छोटी विमानं रेडिओ का टाळत होती, याचं उत्तर वजनात आहे. लिंडबर्ग १९२७ साली न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा गेला तो रेडिओशिवाय. तेवढं वजन त्याने पेट्रोलसाठी ठेवलं. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला डाक आणली ती पुस मॉथ विमानातून, तेही रेडिओशिवाय. जुहूच्या पट्टीवर ते उतरले तेव्हा खालून त्यांना ‘या’ म्हणणारं कुणी नव्हतं. डोळे, घड्याळ, होकायंत्र आणि नकाशा, एवढ्यावर भारतातल्या हवाई डाकेची सुरुवात झाली.

दुसरं कारण इंजिनात होतं. मॅग्नेटोची प्रत्येक ठिणगी हा एक छोटा प्रेषकच असतो. दर मिनिटाला हजारो ठिणग्या, आणि त्यांच्या शेजारी एक संवेदनशील कान ठेवायचा. म्हणून ठिणगीच्या तारांना धातूच्या जाळीचं आवरण चढवणं, विमानातले धातूचे सगळे भाग एकमेकांना जोडून एकाच पातळीवर आणणं, हे शास्त्र हळूहळू तयार झालं. रेडिओचा डबा सुधारला तेव्हा नव्हे, त्याच्याभोवतीच्या तारा सुधारल्या तेव्हा वैमानिकाला माणसाचा आवाज ऐकू येऊ लागला.

मग येते अमेलिया इअरहार्टची गोष्ट. ती सगळ्यांना माहीत असते, पण सिग्नल्सवाल्याने ती वेगळ्या नजरेने वाचायला हवी. १९३७ च्या जूनमध्ये ती जगप्रदक्षिणेवर असताना कराचीत उतरली आणि १७ जूनला तिथून कलकत्त्याच्या डमडमला आली. म्हणजे आपल्या डोक्यावरूनच ती गेली. २ जुलैला पॅसिफिकमधल्या हाउलंड या टीचभर बेटाच्या शोधात ती आणि तिचा मार्गदर्शक फ्रेड नूनन कायमचे नाहीसे झाले.

तिच्याकडे रेडिओ नव्हता का? होता, आणि चांगला होता. बेटाजवळ उभ्या असलेल्या ‘इटास्का’ जहाजावर तिचा आवाज इतका मोठा येत होता की विमान डोक्यावरच आलं असावं असं लोकांना वाटलं. पण जहाजाचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. जहाजाचं दिशाशोधक यंत्र ५०० किलोहर्ट्झसाठी होतं, आणि त्या वारंवारितेला लागणारी लांब लोंबती तार तिने प्रवासाआधीच काढून टाकली होती. मोर्समध्ये ती आणि नूनन दोघेही कच्चे. तिने स्वतः जहाजाकडून ७५०० किलोहर्ट्झवर खूण मागितली. ती खूण तिला ऐकू आली, पण तिच्या विमानातल्या यंत्राला त्या वारंवारितेवर दिशा काढता आली नाही.

दोन्ही टोकांना चालू स्थितीतले रेडिओ होते. ते एकमेकांसाठी निवडलेले नव्हते. रेडिओ कधीच एक नसतो, तो जोडीने असतो, हे आमच्या प्रशिक्षणातलं पहिलं वाक्य तिच्या मृत्यूवर जसं लागू पडतं तसं दुसरीकडे कुठे नाही.

दुसऱ्या महायुद्धात हाच धडा कुणीतरी बरोबर गिरवला. ऑस्टर विमानं घेऊन एअर ओपीचे अधिकारी ब्रह्मदेशात चौदाव्या आर्मीच्या मागे फिरत होते. हे वैमानिक तोफखान्याचेच. त्यांच्या विमानात लष्कराचाच वायरलेस सेट होता, कारण त्यांना बोलायचं होतं ते तोफांशी. कुणाशी बोलायचं हे आधी ठरलं आणि सेट नंतर आला. स्वातंत्र्यानंतर आपल्या एअर ओपीने हीच परंपरा ऑस्टरवर आणि पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कृषकवर चालवली. १ नोव्हेंबर १९८६ ला तिची वेगळी आर्मी एव्हिएशन कोअर झाली. तिचे वैमानिक आज आपल्या नाशिकलाच घडतात.

घरी विमान बांधणाऱ्यांचा इतिहास याला समांतर चालतो. १९५३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. दोन वर्षांनी त्यांनी एका मासिकात ‘बेबी एस’ हे विमान ८०० डॉलरच्या आत कसं बांधावं हे लिहिलं आणि गॅरेजागॅरेजांत हातोड्या चालू लागल्या. अशा बहुतेक विमानांत वीजच नव्हती. पंखा हाताने फिरवायचा आणि उडायचं. जिथे बॅटरी नाही तिथे रेडिओचा प्रश्नच नाही.

१९७५ मध्ये बर्ट रुटानचं ‘व्हेरीईझी’ उडालं, फोम आणि काचतंतूंचं. आता नवीन पेच आला. धातूच्या विमानात अख्खी त्वचा अँटेनाचं काम सावरते. काचतंतूंचं विमान रेडिओच्या दृष्टीने पारदर्शक. जिम वीअर या अभियंत्याने यातूनच वाट काढली: तांब्याच्या पातळ पट्ट्या पंखाच्या किंवा शेपटीच्या आतच चिकटवायच्या. बाहेर काहीच दिसत नाही, वाऱ्याला अडथळा नाही. मात्र कार्बनतंतू वीजवाहक असतात, त्यांच्या आत ही युक्ती चालत नाही. पुढे रॉबर्ट नकल्स या विद्युत अभियंत्याने ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ हे पुस्तक लिहिलं. त्याचं सांगणं साधं आहे: कुठलाही भाग बिघडणार हे धरूनच चाला, आणि तो बिघडला तर तुमचा जीव अडकू नये अशी जोडणी करा. जनित्र गेलं तर मोजकी उपकरणं बॅटरीवर थेट चालावीत असा दुसरा रस्ता ठेवा. फ्यूज हा रेडिओला वाचवायला नसतो, तारेला आग लागू नये म्हणून असतो.

आपल्याकडे घरी विमान बांधायचं वेड दुर्मीळ, पण आहे. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, हे वाचकांना आठवत असेल.

तर, महू. हे सगळं वाचून मी शहाणा झालो होतो, निदान मला तसं वाटत होतं. रेडिओ मी नीट निवडला. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा, नागरी विमानं वापरतात तोच पट्टा, आणि एएम पद्धतीचा. पुष्कळ जवान मला विचारतात की एफएम इतकं स्वच्छ असताना विमानं अजून एएमवर का? कारण एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर जोरदार आवाज दुबळ्याला पूर्ण गिळून टाकतो आणि कुणी दुसरा बोलत होता हे कळतही नाही. एएममध्ये किंचाळी तरी ऐकू येते. आकाशात ती किंचाळीही माहिती असते.

वीज मोजली. इंजिनाचं जनित्र जेमतेम २५० वॉटचं, त्यात सगळं भागवायचं. तारा विमानाच्या दर्जाच्याच घेतल्या, जळल्या तर घरगुती पीव्हीसीसारखा विषारी धूर न करणाऱ्या. टोकं डाग न देता दाबून बसवली, कारण डाग दिलेली तार ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. प्रत्येक तारेला चिठ्ठी लावली. एका रविवारी इंजिन मंद गतीवर चालू ठेवून शेडमधून बोललो, दोनशे मीटरवर उभ्या असलेल्या हवालदाराने ऐकलं, ‘लाऊड अँड क्लिअर’ झालं. मी हात झटकले.

तो हवालदार सातारा जिल्ह्यातला. आधी पायदळाबरोबर डोंगरात राहिलेला, हेलिपॅड आखण्यात हात बसलेला. सुट्टीच्या दिवशी मदतीला यायचा.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी कर्नल साहेब एकटेच उडाले. धुळीने आकाश मळलेलं. अर्ध्या तासाने ते परत येताना दिसले तेव्हा पट्टीच्या मधोमध पाण्याचा टँकर उभा होता. शेजारच्या वस्तीवर जाणारा चालक नेहमीसारखा पट्टी ओलांडत होता आणि त्याच्या गाडीचा अ‍ॅक्सल तुटला. टँकर धुळीच्याच रंगाचा.

मी हातातल्या सेटवर साहेबांना सांगायला लागलो. उत्तरात शिट्टीसारखी किंचाळी आली, मध्ये एखादा तुटका शब्द. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा किंचाळी. त्यांना माझं ऐकू येतंय की नाही हेच कळेना. विमान वळलं, उतरणीला लागलं. सूर्य त्यांच्या डोळ्यांवर. मी सिग्नल्सचा मेजर, हातात चालू रेडिओ, आणि सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला ‘थांबा’ एवढा एक शब्द पोचवता येत नाही. असा असहायपणा मी गोळीबारातही अनुभवला नव्हता.

हवालदार धावत शेडमध्ये गेला. विमान झाकायच्या दोन पांढऱ्या चादरी त्याने ओढून आणल्या, पट्टीच्या तोंडाशी एकमेकींवर आडव्या टाकल्या आणि चार दगडांनी दाबल्या. पांढरी फुली. उतरू नका.

इंजिनाचा आवाज वाढला. विमान आमच्या डोक्यावरून वर गेलं, पंख डावी-उजवीकडे हलवले, म्हणजे समजलं. वीस मिनिटं ते घिरट्या घालत राहिले. तेवढ्यात आम्ही ट्रॅक्टरने टँकर बाजूला ओढला आणि चादरी उचलल्या. ते उतरले तेव्हा उजेड संपत आला होता.

साहेबांनी हेल्मेट काढलं आणि मला एकच विचारलं, ‘जमिनीवर तपासलंस तेव्हा इंजिन कितीवर होतं?’

‘मंद गतीवर, सर.’

‘मग तू मंद गतीवरचा रेडिओ तपासलास. मी मंद गतीवर उडत नाही.’

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सगळं उघडलं. दोष रेडिओचा नव्हता, माझाच होता, आणि तो एक नव्हे, दोन होते. पहिला अँटेनाचा. १३० मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण २.३ मीटर, म्हणून अँटेना तिच्या चौथ्या भागाची, ५८ सेंटिमीटरच्या आसपास. पण अशी अँटेना म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेला अर्धा भाग तिच्या पायाखालचा धातू असतो. मी ती कापडावर, एका छोट्या पत्र्यावर बसवली होती. मग बोलताना निघालेली ऊर्जा केबलच्या बाहेरच्या आवरणावरून उलटी कॉकपिटमध्ये आली आणि मायक्रोफोनच्या तारेत शिरली. ती किंचाळी तीच. मी रेडिओ निवडला होता धातूच्या विमानाच्या हिशेबाने आणि बसवला होता कापडाच्या विमानात.

दुसरा दोष जमिनीचा, म्हणजे अर्थिंगचा. हेडफोनचं सॉकेट सांगाड्याच्या जवळच्या नळीला, रेडिओ दुसरीकडे, बॅटरी तिसरीकडे. इंजिनाची गती वाढली की जनित्राचा प्रवाह या तिन्हींमध्ये सांगाड्यातून फिरायचा आणि थेट साहेबांच्या कानात वाजायचा. माझा आवाज त्यात बुडाला. मंद गतीवर जनित्र फारसं काही देतच नव्हतं, म्हणून चाचणीत सगळं गोड.

दुरुस्तीचा खर्च सांगितला तर हसाल. अँटेनाच्या पायाशी, कापडाच्या आतून, चार दिशांना अ‍ॅल्युमिनियमच्या ५८ सेंटिमीटरच्या पट्ट्या. सॉकेटखाली प्लॅस्टिकचे वॉशर, म्हणजे ती सांगाड्याला टेकणार नाहीत. सगळ्या परतीच्या तारा एकाच ठिकाणी, एकाच बोल्टवर. मायक्रोफोनच्या तारेची जाळी फक्त रेडिओच्या टोकाला जोडलेली. नंतर विमान दोरांनी बांधून इंजिन पूर्ण गतीवर नेलं आणि हवालदार मोटारसायकलवर पाच किलोमीटर गेला. तिथून त्याचा आवाज आला, ‘साहेब, आता कानात बसल्यावानी येतंय.’

मी त्याला विचारलं, त्या दिवशी चादर सुचली कशी? तो म्हणाला, ‘चादरीला बॅटरी लागत नाय, साहेब.’

नंतर लक्षात आलं की १९१५ चा तोफखाना आणि सरहद्दीवरचं पायदळ जे करत होतं तेच त्याने केलं होतं. आणि वर बसलेल्या म्हाताऱ्या एअर ओपीवाल्याने ते क्षणात वाचलं, कारण त्याच्या पिढीला ते शिकवलेलं होतं. त्या दिवशीही दोन टोकांची जोडी जुळली, फक्त त्यात मी नव्हतो.

कर्नल साहेबांनी पुढे ते विमान बरीच वर्षं उडवलं. माझी बदली झाली, मग दुसरी, मग तिसरी. आज मी जिथे आहे तिथे माझ्या जवानांकडे असे सेट आहेत की त्यांची नावंही इथे लिहिता येणार नाहीत. नवा सेट आला की मी त्याची चाचणी गाडीचं इंजिन पूर्ण गतीवर ठेवूनच घेतो, आणि तरुण अधिकारी एकमेकांकडे बघून हसतात. माझ्या जिप्सीच्या मागच्या पेटीत दोन पांढऱ्या चादरी असतात. त्याबद्दल विचारलं की मी त्यांना ही गोष्ट सांगतो.

जय हिंद.